तीन डी की तीन एफ?

विमानाचे तिकीट काढताना पैसे भरण्याच्या आधी पडद्यावर आसनांचा नकाशा उघडतो. पुढच्या रांगा महाग, मागच्या स्वस्त, आणि आपत्कालीन दरवाजालगतच्या रांगेत पाय पसरायला जास्त जागा म्हणून तिचे वेगळे पैसे. हा नकाशा प्रवाशाच्या गुडघ्यांचा विचार करून काढलेला असतो आणि बहुतेकांना तो पुरतो. माझ्या डाव्या कानाला श्रवणयंत्र आहे. उजव्या कानाला यंत्राचाही उपयोग होत नाही. त्यामुळे त्या नकाशाकडे पाहताना मला निराळे प्रश्न पडतात. तिथून कर्मचाऱ्यांचे चेहरे दिसतील का? उजेड कोणत्या बाजूने येईल? माझ्या ऐकत्या कानाशी माणूस असेल की विमानाची भिंत? मला कोणी हाक मारली आणि ती मला ऐकू आली नाही, तर त्या माणसाचा हात माझ्या खांद्यापर्यंत पोहोचेल का? यांची उत्तरे मनासारखी मिळाली, तर गुडघे समोरच्या आसनाला टेकत असले तरी माझा प्रवास सुखाचा होतो, आणि मिळाली नाहीत तर ऐसपैस जागेतही मी सगळा वेळ मान वळवत, अंदाज बांधत, आपले काही सुटले तर नाही ना या धास्तीत बसून राहते.

आधी ऐकण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण श्रवणयंत्र लावले की सगळे ऐकू येते असा समज अजूनही सर्वत्र आढळतो. चष्मा लावल्यावर जसे स्वच्छ दिसते, तसे यंत्र लावल्यावर स्वच्छ ऐकू येत नाही. यंत्र आवाज मोठा करते, पण शब्दांबरोबर गोंगाटही मोठा होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘कमी ऐकू येणारी’ आणि ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’ गणली जाते. आता विमानाची स्थिती पाहा. साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास चालते, आणि आकाशात स्थिरावलेल्या जेट विमानात इंजिनांचा व हवेचा सततचा आवाज ८० डेसिबलच्या जवळपास असतो. म्हणजे तिथे धडधाकट कानांच्या माणसांनाही एकमेकांकडे झुकून बोलावे लागते. माझे यंत्र त्या घोंगावण्यातून शब्द वेगळे काढण्याचा प्रयत्न करते, पण खरे काम माझे डोळेच करतात. ओठ वाचताना प, ब आणि म हे तिन्ही वर्ण अगदी सारखे दिसतात. क आणि ग तर ओठांवर उमटतच नाहीत. उरलेले सगळे मी चेहऱ्यावरून, प्रसंगावरून आणि कानावर पडलेल्या तुटक आवाजावरून जुळवत असते. त्यासाठी समोरचा चेहरा समोरच असावा लागतो, आणि विमानात नेमके तेच अवघड आहे. आसन जेमतेम १७-१८ इंच रुंद असते, शेजारचा माणूस आपल्याला चिकटून आणि आपल्याच दिशेला तोंड करून बसलेला असतो. त्याचे ओठ वाचायचे तर मान काटकोनात वळवावी लागते आणि तरीही दिसतो तो अर्धाच चेहरा.

म्हणून पहिली निवड बाजूची. तीन-तीन आसनांच्या विमानात पुढे तोंड करून बसले की ए, बी, सी ही आसने डावीकडे आणि डी, ई, एफ ही उजवीकडे येतात. मी ए या खिडकीच्या आसनावर बसले, तर माझा ऐकता डावा कान भिंतीला लागतो आणि सगळी माणसे बहिऱ्या कानाच्या बाजूला जातात. शिवाय डोके भिंतीला टेकले की यंत्राच्या तोंडाशी आवाज घुमून ते शिट्टी मारू लागते. ती तीक्ष्ण शिट्टी मला स्वतःला ऐकू येत नाही. ती ऐकतो शेजारी, आणि तो मोबाइल तपासतो, वर पाहतो, शेवटी माझ्याकडे पाहतो. याउलट एफ या आसनावर उजवा कान भिंतीकडे जातो, भिंतीतून येणारा आवाज जो कान ऐकतच नाही त्याच्यावर पडतो, डोके निर्धास्तपणे टेकता येते आणि अख्खे विमान डावीकडे राहते. ज्यांचा उजवा कान चांगला आहे त्यांनी हेच गणित उलटे करावे. इतकी साधी गोष्ट मला कोणत्याही ऑडिओलॉजिस्टने सांगितली नव्हती, कोणत्या विमान कंपनीच्या माहितीपत्रकातही ती दिसली नाही. ती आमच्यातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी सांगितली.

एफचा दुसरा गुण उजेडाचा आहे. खिडकी आपल्या पाठीशी असली की तिचा प्रकाश शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ स्पष्ट दिसतात. आपण मधे बसलो आणि खिडकीतला माणूस बोलू लागला, की त्याचा चेहरा उजेडापुढे काळवंडतो आणि बोलणे तिथेच संपते. पुण्याहून दिल्लीला सकाळच्या विमानाने जाताना उजवी बाजू पूर्वेला असते आणि संध्याकाळी परतताना तीच पश्चिमेला येते, त्यामुळे दोन्ही वेळा ऊन उजव्या खिडक्यांतून आत येते. बहुतेक प्रवासी ते टाळण्यासाठी डावीकडे सरकतात किंवा झडप ओढून घेतात. मला ते ऊन हवे असते. ताई सोबत असली की ती ई या आसनावर बसते, तिच्या चेहऱ्यावर ऊन येते, डोळे किलकिले करत ती बोलत राहते आणि तिचे बहुतेक सगळे मला समजते.

रात्रीच्या विमानात मात्र हे सगळे बदलते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी आतले दिवे मंद करतात. त्यामागचे कारण योग्यच आहे, कारण काही विपरीत घडून अंधारात बाहेर पडावे लागले तर डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत. परंतु ज्याचे ऐकणे डोळ्यांवर चालते, त्याचे ऐकणे त्या दिव्यांबरोबरच मालवते. अशा वेळी डोक्यावरचा वाचण्याचा दिवा उपयोगी पडतो. मी तो बसल्याबरोबर लावून ठेवते आणि शक्य असेल तिथे त्याचा झोत सोबत्याच्या बाजूला वळवते. तो दिवा चालतो की नाही हे विमान दारापासून हलण्याआधी पाहून ठेवणे मला पट्टा बांधण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

एकटीने प्रवास करायचा असेल, तर मात्र मी एफ सोडून डी घेते. यामागे सुरक्षिततेपेक्षाही माणसांपर्यंत पोहोचण्याचा विचार आहे. खिडकीतल्या माणसाशी कर्मचारी दोन प्रवाशांच्या डोक्यांवरून बोलतात. ते अंतर आणि तो तिरपा कोन माझ्यासाठी निरुपयोगी असतो. मग मधली दोन माणसे काय म्हटले ते सांगू लागतात, आणि अनोळखी माणसाचे ओठ वाचणे हे नवे हस्ताक्षर वाचण्याहूनही जड जाते. डी या आसनावर ये-जा करण्याची वाट डाव्या हाताला येते. कर्मचारी वाकून बोलले, की त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणि आवाज माझ्या ऐकत्या कानाशी असतो. मी झोपले असेन, तर खांद्याला हलका स्पर्श करता येतो. वैमानिकाच्या घोषणा मला कधीच कळत नाहीत, पण वाटेत चाललेली हालचाल दिसते: ट्रॉली अर्ध्यावरून परत गेली, कर्मचारी घाईने आपापल्या जागी बसले, की पुढे हवा खराब आहे हे पट्टा बांधण्याचा दिवा लागण्याच्या आतच मला कळलेले असते. या आसनाचा त्रास एवढाच, की मागून येणाऱ्या ट्रॉलीची चाहूल लागत नाही. ऐकणारी माणसे तिचा खडखडाट ऐकून कोपर आत घेतात. माझे कोपर तिचा धक्का खाऊन आत येते. म्हणून मी डावा हात मांडीवर ठेवूनच बसते.

रांग शक्यतो दुसरी किंवा तिसरी. पुढच्या दारापाशी कर्मचाऱ्यांची घडीची आसने असतात आणि त्यांतली काही प्रवाशांकडे तोंड करून असतात, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी त्यांचे चेहरे दिसतात. त्या चेहऱ्यांवर काही विशेष नसते, आणि तेच मला पाहायचे असते. विमान हादरले की ऐकणारा माणूस घोषणेची वाट पाहतो, मी त्या चेहऱ्यांकडे पाहते. पहिल्या रांगेत हे सर्वांत चांगले दिसेल असे वाटते, पण अनेक विमानांत तिथे पुढे पडदी असते आणि समोर आसन नसल्याने पिशवीही वरच्या कप्प्यात टाकावी लागते. यंत्राची बॅटरी नेमकी उड्डाणाच्या वेळी संपली तर वरचा कप्पा उघडता येत नाही. जस्त-हवेच्या त्या गोल बॅटऱ्या पूर्वसूचना फारशी देत नाहीत, म्हणून त्या आता मी पिशवीत न ठेवता खिशातच ठेवते. सुरक्षेचे प्रात्यक्षिकही पुढून नीट दिसते. हातवाऱ्यांनी दाखवले जाणारे ते प्रात्यक्षिक विमानातला एकमेव असा भाग आहे, जो मला शेजाऱ्याइतकाच पूर्ण कळतो, आणि मी तो दर वेळी शेवटपर्यंत पाहते.

विमान कोणते आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांची इंजिने पंखांखाली असतात, त्यामुळे पुढे शांतता जास्त आणि पंखांच्या मागे आवाज जास्त. लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर ७२ या विमानात हे उलटे होते. त्याचे पंखे आसनांच्या पुढच्या भागाला समांतर फिरतात, म्हणून पुढच्या रांगांत आवाज आणि कंप दोन्ही अधिक असतात. प्रवाशांचे दार मागे असते आणि शांतताही मागेच मिळते. तिथे आसने दोन-दोनच असल्याने मधले आसन हा प्रकारच नाही. कोल्हापूरसारख्या शहरांतून उडालेल्या एम्ब्रेअर १४५ या छोट्या जेट विमानाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. त्यात एका बाजूला दोन आणि डाव्या बाजूला एकच आसन असते, इंजिने शेपटीकडे असतात आणि पुढचा भाग बराच शांत असतो. ते एकटे आसन खिडकीचेही असते आणि वाटेलगतचेही. माझा डावा कान तिथे भिंतीकडे जातो ही अडचण खरी, पण उजव्या कानाने ऐकणाऱ्या एकट्या प्रवाशासाठी याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

आपत्कालीन दरवाजाच्या रांगेविषयी आमच्यात मतभेद आहेत. ती रांग आम्हाला देत नाहीत, आणि अनेक कर्णबधिर मित्रांना तो अपमान वाटतो. अमेरिकेच्या नियमात याचे कारण स्पष्ट लिहिलेले आहे: तिथे बसणाऱ्याला कर्मचाऱ्यांनी ओरडून दिलेल्या सूचना, श्रवणयंत्रापलीकडे कोणत्याही मदतीशिवाय, ऐकून समजल्या पाहिजेत. मला हा नियम योग्य वाटतो. नव्या विमानाला मान्यता देताना निम्मेच दरवाजे वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागतात. त्या ९० सेकंदांत दरवाजाबाहेर आग दिसत असताना कोणी ‘उघडू नका’ असे ओरडले आणि ते मला ऐकू आले नाही, तर त्याची किंमत माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी मोजायची. आणखी एक गोष्ट आमच्यात उघडपणे बोलली पाहिजे. न ऐकताच मान डोलावण्याची सवय आम्हाला लहानपणापासून लागते. वर्गात लागते, नातेवाइकांत लागते, दुकानात लागते. कर्मचारी त्या रांगेत येऊन ‘गरज पडल्यास तुम्ही मदत कराल ना?’ असे विचारतात, तेव्हा अशी डोलावलेली मान घातक ठरू शकते. त्या रांगेऐवजी मला हवी असते ती माझ्या आसनापासून दारापर्यंतची मोजदाद. बसण्याआधी मी मधल्या रांगा हाताने चाचपत मोजते, म्हणजे धुरात किंवा अंधारात डोळेही गेले तरी हातांना वाट माहीत असेल. एकदा एका कर्मचारी मुलीने हे पाहिले, ती न विचारता माझ्याजवळ आली आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा बोटांवर मोजून दाखवून गेली. नियमाच्या पुस्तकाबाहेरची एवढी नेमकी मदत मला क्वचितच मिळाली आहे.

बहुतेक वेळा मदत मिळते ती भलतीच. आरक्षणात कर्णबधिर प्रवाशासाठी ‘डेफ’ हा इंग्रजी चार अक्षरांचा ठरलेला संकेत असतो, जसा अंधांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठीही असतो. तो नोंदवला, की कर्मचाऱ्यांच्या यादीत माझ्या आसनापुढे तो दिसायला हवा. पण एका विमानतळावर माझे नाव लिहिलेला कागद घेऊन एक तरुण चाकाची खुर्ची समोर घेऊन उभा होता. ‘मी चालू शकते, मला फक्त ऐकू येत नाही’ असे लिहून दाखवल्यावरही तो गोंधळलेलाच राहिला, कारण त्याला वरून जे काम दिले होते त्यात दुसरा काही पर्याय नव्हता. त्याचा काहीच दोष नव्हता. यंत्रणेच्या लेखी मदत म्हणजे चाके, आणि ज्याला फक्त गेट बदलल्याचे लिहून हवे आहे, अशा प्रवाशाची तिथे कल्पनाच केलेली नाही. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांनी आता सततच्या घोषणा बंद करून सर्वांनाच फलकांकडे पाहायला लावले आहे. तो निर्णय शांततेसाठी घेतलेला असला, तरी तिथे मी पहिल्यांदाच इतर प्रवाशांच्या बरोबरीने उभी असते, याचा मला मनापासून आनंद होतो.

सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांची गरज माझ्याहून वेगळी आहे. माझ्या ओळखीचे एक जोडपे भारतीय सांकेतिक भाषेत बोलते. त्यांना शेजारशेजारची आसने मिळाली, की कंपनीला आपण त्यांची सोय केली असे वाटते. प्रत्यक्षात खांद्याला खांदा लावून बसल्यावर एक हात अडकतो, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, आणि या भाषेचे अर्धे व्याकरण तर चेहऱ्यावरच असते. म्हणून ती दोघे एकाच रांगेतली सी आणि डी ही आसने मागतात. मधल्या वाटेच्या रुंदीमुळे थोडे वळून समोरासमोर होता येते, हात मोकळे राहतात, आणि फक्त ट्रॉली आली की वाक्य अर्ध्यावर थांबते. काउंटरवरचा माणूस अनेकदा आग्रहाने त्यांना ‘एकत्र’ बसवतो आणि त्यांना ते पुन्हा बदलून घ्यावे लागते. युरोपीय संघाच्या २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमावलीत दिव्यांग प्रवाशाच्या विनंतीनुसार, सुरक्षितता आणि उपलब्धता पाहून, आसन देण्याचा प्रयत्न करणे कंपनीवर बंधनकारक आहे. अमेरिकेत दुभाषा सोबत असेल आणि प्रवासात तो काम करणार असेल, तर त्याला कर्णबधिर प्रवाशाशेजारचे आसन द्यावेच लागते. या दोन्हींतला ‘विनंतीनुसार’ हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण काय सोयीचे हे आम्हालाच विचारले गेले पाहिजे.

आपल्याकडे या विनंतीची वाट पैशांतून जाते. दुसऱ्या रांगेतले डी हे आसन माझ्यासाठी ऐकण्याचे साधन आहे; नकाशावर ते आरामाचे म्हणून विकले जाते आणि त्याचे शुल्क मी दर वेळी भरते. मला ते परवडते. कॉलेजात शिकणाऱ्या, मुलाखतीसाठी पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या कर्णबधिर मुलाला ते परवडतेच असे नाही, आणि मग त्याला मिळते ते मागच्या रांगेतले, इंजिनाच्या घोंगावण्यातले मधले आसन. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना निदान एका पालकाशेजारी आसन देण्याचे निर्देश विमान कंपन्यांना दिले. म्हणजे आसन ही गरजेचीही बाब असू शकते, हे तत्त्व आपल्या व्यवस्थेने मान्य केले आहे. ज्याच्या आरक्षणात ‘डेफ’ हा संकेत आहे, त्याला पुढच्या काही रांगांतले त्याने निवडलेले एक आसन विनाशुल्क द्यावे, एवढेच मी मागते.

मध्यंतरी एका तरुण आईने मला विचारले की कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे ऐकण्याचे उपकरण, लावलेल्या तिच्या मुलाला विमानात कुठे बसवावे. मुलाच्या उजव्या कानाला इम्प्लांट आहे. तिला मी लिहून दिले: मुलाला खिडकीशी ए या आसनावर बसव आणि तू बी घे, म्हणजे इम्प्लांट तुझ्या बाजूला राहील आणि खिडकीचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर येईल. तो झोपला आणि डोके टेकले, की इम्प्लांटची बाहेरून डोक्याला चुंबकाने चिकटलेली चकती निसटते, म्हणून झोपेत ती काढून तुझ्याजवळच ठेव. विमान खाली येऊ लागण्याआधी त्याला जागे कर, चकती लाव, काहीतरी चघळायला दे, आणि आता कानात दडे बसतील हे त्याला आधी सांगून ठेव. परतीच्या तिकिटावरही ए आणि बी हीच आसने घे.